शाळेत ड्रग टेस्ट: पॉझिटिव्ह आल्यावर काय?

(हा भाग ऐकायला वेळ नसेल, किंवा लोकलमध्ये इयरफोन विसरला असाल, तर त्याचं हे लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून आलाय. मी राहतो शीळफाट्याजवळ, ऑफिस महापेला. म्हणजे दिवसातला बराच वेळ मी सिग्नलला उभा राहून ग्रुपवरचे मेसेज वाचण्यात घालवतो. मागच्या महिन्यात एका काकूंनी लिहिलं, की त्यांच्या मुलाच्या शाळेत पालकसभेत एक प्रस्ताव आलाय. नववी-दहावीतल्या मुलांची अधूनमधून, चिठ्ठ्या टाकून, न सांगता ड्रग टेस्ट करायची. पालकांनी फक्त संमतिपत्रावर सही द्यायची.

ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. "छान निर्णय." "आधीच करायला हवं होतं." "ज्याला भीती नाही त्याला काय प्रॉब्लेम?" मग त्याच काकूंनी मला वेगळा मेसेज केला: "तू इंजिनिअर आहेस ना, सांग रे, सही करू का?"

आता मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. पण मी रोज जे काम करतो ते याच्याच जवळचं आहे. सर्व्हरवर अलर्ट लावायचे, आणि ते खरे वाजतायत की खोटे ते बघायचं. म्हणून म्हटलं, नीट वाचून, विचारून, मग उत्तर देऊ. आजचा भाग म्हणजे काकूंना दिलेलं तेच उत्तर, जरा लांबवलेलं.

आधी एक गोष्ट मान्य करू

पालकांची भीती खोटी नाही. आपल्या पट्ट्यात, म्हणजे मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण, पनवेल रोड, एमडी पकडल्याची बातमी आता कुणाला नवीन वाटत नाही. एमडी म्हणजे मेफेड्रोन, ज्याला मुंबईत 'म्याऊ म्याऊ' म्हणायचे. गंमत बघा, हे रसायन आपल्या एनडीपीएस कायद्याच्या यादीत आलं ते थेट फेब्रुवारी २०१५ मध्ये. त्याआधी ते बाजारात फिरत होतं आणि पोलिसांच्या हातात धड कलम नव्हतं.

शिवाय महाराष्ट्राला हे पहिल्यांदा होत नाहीये. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात ब्राउन शुगर आली. आपल्याकडे तिला 'गर्द' म्हणायचे. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झालं. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट यांनी ते उभं केलं. मुक्तांगणची आठवण ठेवा, शेवटी परत येऊ तिथे.

तर काहीतरी करायला हवं, हे नक्की. प्रश्न एवढाच, की चिठ्ठ्या टाकून टेस्ट करणं हे ते 'काहीतरी' आहे का?

टेस्ट म्हणजे नेमकं काय करतात?

शाळेला परवडणारी टेस्ट म्हणजे लघवीची पट्टी. कोविडमध्ये घरी रॅपिड अँटिजेन किट वापरलं होतं ना, साधारण तसंच. एका किटवर पाच-सहा पट्ट्या असतात: गांजा, अफूजन्य पदार्थ, कोकेन, ॲम्फेटामिन वगैरे. दहा मिनिटांत रेघ उमटते किंवा उमटत नाही.

ही झाली चाळणी. पक्कं उत्तर हवं तर नमुना लॅबमध्ये पाठवून 'जीसी-एमएस' नावाची तपासणी करावी लागते. कोविडच्या भाषेत, पट्टी म्हणजे अँटिजेन आणि हे म्हणजे आरटीपीसीआर. पहिलं स्वस्त आणि घाईचं, दुसरं महाग, वेळखाऊ आणि भरवशाचं.

कुणीतरी ग्रुपवर लिहिलं होतं, "नाकाबंदीला ड्रंक अँड ड्राइव्हची टेस्ट करतातच की." फरक आहे, भाऊ. फुंकर मारायचं यंत्र सांगतं, की हा माणूस *आत्ता* गाडी चालवण्याच्या स्थितीत आहे की नाही. लघवीची पट्टी सांगते, की मागच्या काही दिवसांत शरीरात काय गेलं असावं. आत्ता वर्गात बसलेला मुलगा नशेत आहे का, याचं उत्तर ती देतच नाही.

आता गणित, पण सोपं

समजा शाळेत १००० मुलं आहेत. समजा त्यातली १० मुलं खरोखर काहीतरी घेतात. आणि समजा आपली पट्टी चांगली आहे: घेणाऱ्या १० पैकी ९ जणांना पकडते, आणि न घेणाऱ्या १०० पैकी फक्त ५ जणांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. हे आकडे मी समजावण्यापुरते धरलेत, कुठल्या शाळेचे नाहीत.

वर्षभरात सगळ्यांची एकदा टेस्ट झाली. घेणारे पकडले ९. न घेणारे ९९०, त्यांच्या ५ टक्के म्हणजे जवळपास ५०. एकूण पॉझिटिव्ह ५९. त्यात खरे ९, खोटे ५०.

परत वाचा हे. शिक्षकांच्या हातात ५९ नावांची यादी आली, आणि त्यातल्या दर सहा मुलांपैकी पाच मुलांनी काहीच केलेलं नाही. पट्टी खराब नाहीये. घेणारे थोडे आणि न घेणारे खूप, की असंच होतं. मुलांची निवड संशयावरून न करता चिठ्ठीने केली, की हा घोटाळा ठरलेलाच.

"मग लॅबमध्ये पाठवा ना!" बरोबर, लॅबमध्ये खोटे पॉझिटिव्ह बरेचसे गळून जातील. पण रिपोर्ट यायला दिवस लागतात आणि व्हॉट्सॲपला दोन मिनिटं. 'अमक्याच्या मुलाची टेस्ट पॉझिटिव्ह आली' हा मेसेज गेला, की नंतर आलेला 'निगेटिव्ह' कोण फॉरवर्ड करतं?

खसखस आणि खोकल्याचं औषध

खोटे पॉझिटिव्ह येतात कुठून? काही उदाहरणं तर आपल्या स्वयंपाकघरातली आहेत.

दिवाळीतले अनारसे. वर काय लावलेलं असतं? खसखस. ती अफूच्या झाडाचीच बी. भरपूर खाल्ली तर लघवीत मॉर्फिनचा अंश उतरू शकतो. अमेरिकेत नोकरीच्या ठिकाणच्या टेस्टमध्ये हा घोळ इतका झाला, की १९९८ मध्ये त्यांनी अफूजन्य पदार्थांचा कटऑफ ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेला. ३०० कटऑफची किट मात्र आजही मिळतात.

दुसरं, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध. कोडीनचं शरीरात मॉर्फिन होतं. डॉक्टरांनी दिलं म्हणून दोन चमचे घेतलेला मुलगा आणि नशेसाठी बाटली रिकामी करणारा मुलगा, दोघांच्या पट्टीवर दिसतं एकच.

खोकल्याच्या औषधाने काय होऊ शकतं ते पृथ्वी शॉला विचारा. ठाण्यात जन्मलेला, विरारला वाढलेला आपला पोरगा. फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी त्याचा नमुना घेतला, त्यात टर्ब्युटालिन सापडलं. खेळाडूंना ते मनाई असलेलं, पण कफ सिरपमध्ये असतं. त्याने ते अनवधानाने घेतलं हे बीसीसीआयने मान्य केलं. तरी आठ महिन्यांची बंदी बसलीच. वय होतं १९.

लक्षात घ्या, हा खोटा पॉझिटिव्ह नव्हता, पदार्थ खरंच होता. पण त्याच्या बाबतीत मान्यताप्राप्त लॅब होती, लेखी आरोप होता, बाजू मांडायची संधी होती. खेळातल्या टेस्टमध्ये नमुन्याच्या 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्या सील करतात, खेळाडूला दुसरी तपासून मागता येते. शाळेत काय असेल? प्रयोगशाळेच्या बाजूची खोली, एक शिपाईमामा आणि लाजेने लाल झालेली चौदा वर्षांची मुलगी. तिच्या लघवीच्या नमुन्याची बाटली कुणी हाताळली, कुठे ठेवली, कुणी फेकली, याची नोंद कोण ठेवणार?

ज्यांना शोधायचं तेच निसटतात

एम्सच्या केंद्राने सामाजिक न्याय मंत्रालयासाठी देशभर एक मोठं सर्वेक्षण केलं, २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यातली एक ओळ माझ्या डोक्यातून जात नाही. नशेचा एकच प्रकार असा निघाला, ज्यात मुलं मोठ्यांच्या पुढे आहेत: हुंगायचे पदार्थ. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन. १० ते १७ वयात वापर १.१७ टक्के, मोठ्यांमध्ये ०.५८ टक्के.

आणि शाळेच्या किटवर यासाठी पट्टी नसते!

एमडीचंही तेच. नेहमीच्या किटमध्ये मेफेड्रोनसाठी वेगळी पट्टी नसते, त्यासाठी खास तपासणी लागते. तंबाखू, गुटखा, मावा या किटच्या हिशोबातच नाहीत. आणि २०१९ च्याच एका राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८.५ टक्के मुलं तंबाखू वापरत होती. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, तंबाखू कायद्यानुसार शाळेपासून १०० यार्डांत विक्रीला मनाई आहे. टपरी कुठे आहे, ते तुम्हीच सांगा.

आणखी एक गोम. गांजाचा अंश शरीरातल्या चरबीत बसतो, रोज ओढणाऱ्याच्या लघवीत तो काही आठवडे दिसू शकतो. हेरॉइन, कोकेन दोन-तीन दिवसांत निघून जातात. दारू तर काही तासांतच. मुलं हुशार असतात. काय पकडलं जातं हे कळलं, की न पकडलं जाणारं शोधतील. आणि न पकडलं जाणारं कमी घातक असेलच असं नाही.

अमेरिकेत करून बघितलंय

तिथे ओरेगॉन राज्यातल्या व्हर्नोनिया गावच्या शाळेने खेळात भाग घेणाऱ्या मुलांची टेस्ट सुरू केली. सातवीतल्या जेम्स ॲक्टनच्या आईवडिलांनी सही द्यायला नकार दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९५ मध्ये निकाल शाळेच्या बाजूने, ६ विरुद्ध ३. मग २००२ मध्ये लिंडसे अर्ल्स या विद्यार्थिनीचं प्रकरण. ती शाळेच्या गायनवृंदात होती. पुन्हा शाळेच्या बाजूने, पण या वेळी ५ विरुद्ध ४.

म्हणजे तिथे कायद्याने परवानगी मिळाली. फायदा झाला का? तिथल्या शिक्षण खात्याचा ३६ हायस्कूलचा अभ्यास २०१० मध्ये आला. टेस्टच्या कक्षेतल्या मुलांपैकी १६ टक्क्यांनी मागच्या महिन्यात काही घेतल्याचं सांगितलं, टेस्ट नसलेल्या शाळांमधल्या तशाच मुलांमध्ये हा आकडा २२ टक्के. म्हणजे काहीतरी फरक पडला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्याच अभ्यासात 'पुढे घेणार का?' या प्रश्नावर दोन्हीकडची उत्तरं जवळपास सारखी होती, आणि शाळेतल्या बाकीच्या मुलांवर काही परिणाम दिसला नाही. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये भूमिका घेतली, की एवढ्या पुराव्यावर शाळांनी अशा सरसकट टेस्टच्या मागे लागू नये.

आपला कायदा काय म्हणतो?

एनडीपीएस कायदा, १९८५. यात सेवन हाही गुन्हा आहे, कलम २७. मात्र कलम ६४अ असं सांगतं, की व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला आला तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. म्हणजे कायद्याला 'स्वतःहून ये' हे हवंय. या कायद्यात शाळेला मुलांची सरसकट टेस्ट करायचा अधिकार कुठेही दिलेला नाही.

बाल न्याय कायदा, २०१५. जे मूल नशेत ओढलं जाण्याची शक्यता आहे, त्याला हा कायदा 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' म्हणतो. आणि मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी, कलम ७७. कायद्याचा दंडुका कुणाकडे वळलाय बघा: विकणाऱ्याकडे. मुलाकडे वळलाय तो हात.

आता शिक्षण हक्क कायदा. आठवीपर्यंत शाळा मुलाला काढू शकत नाही. पण टेस्ट कुणाची करायची म्हणतायत? नववी-दहावीची. जिथे हे संरक्षण संपतं, नेमकं तिथून.

माझ्या बाकावरचा मित्र

इथे काकूंनी विचारलं, "पण मग कळणार कसं रे, कोण घेतंय ते?"

आमची दहावी २०१२-१३ ची. माझ्या बाकावर बसणारा एक मित्र पंक्चरचं सोल्युशन हुंगायचा. त्याच्या मामाचं गॅरेज होतं, रुमालावर घेऊन यायचा. नाकाखाली पुरळ, डोळे लाल, दुपारी पेंगायचा. मला माहीत होतं. मागच्या तीन बाकांना माहीत होतं. बहुतेक पीटीच्या सरांनाही अंदाज होता.

कुणी काही बोललं नाही. मीही नाही. कारण वर्षभरापूर्वी एका सीनियरला सिगारेटसाठी पकडून एलसी हातात दिलेली आम्ही बघितली होती. मी सांगितलं तर याचंही तेच होणार. म्हणून मी मैत्री निभावली, म्हणजे गप्प बसलो. प्रिलिमच्या आधी तो जिन्यात पडला, रुमाल सापडला, आणि आईवडिलांना सांगण्यात आलं, की बदनामी नको, दाखला तुम्हीच काढून घ्या. पुढे १७ नंबरचा फॉर्म भरून तो बाहेरून बसला, दोनदा नापास झाला, मग नाद सोडला. शिक्षणाचा. सोल्युशनचा नाद सुटायला आणखी सहा वर्षं गेली.

आता तो महापे रोडला टेम्पो चालवतो. हा भाग करायच्या आधी मी त्याला फोन केला, तुझी गोष्ट नाव न घेता सांगू का विचारायला. म्हणाला, सांग. मग मी विचारलं, तेव्हा शाळेत टेस्ट असती तर तू वाचला असतास का?

तो हसला. म्हणाला, "टेस्ट कशाला पाहिजे होती? सगळ्या वर्गाला माहीत होतं की."

मंडळी, माझं सगळं म्हणणं त्या एका वाक्यात आलं. माहिती कमी नव्हती. ती माहिती न घाबरता सांगता येईल असं माणूस शाळेत नव्हतं.

अलर्टच्या आधी रनबुक

आमच्या कामात एक नियम आहे. नवीन अलर्ट लावायचा असेल तर आधी रनबुक लिहायचं. रनबुक म्हणजे अलर्ट वाजल्यावर कुणी, काय, कुठल्या क्रमाने करायचं याची यादी. रनबुक नसेल तर अलर्ट लावायचा नाही. नुसता भोंगा वाजतो, माणसं पळापळ करतात आणि शेवटी कुणीतरी भोंगाच बंद करतं.

म्हणून काकूंना सांगितलं, सही करण्याआधी शाळेला चार प्रश्न लेखी विचारा. एक, पॉझिटिव्ह आल्यावर पहिला फोन कुणाला जाणार: पालकांना, समुपदेशकाला की पोलिसांना? दोन, लॅबची पक्की तपासणी होईपर्यंत नाव कुणाकुणाला कळणार? तीन, मुलाला शाळेतून काढणार नाही, हे लिहून देणार का? चार, शाळेत पूर्णवेळ समुपदेशक आहे का, आणि मूल त्याच्याकडे स्वतःहून गेलं तर ते गुप्त राहील का?

चौथ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर किटचे पैसे समुपदेशकाच्या पगारात घाला, असं स्पष्ट सांगा. टेस्टला कायमचा विरोध नाही माझा. मूल, पालक आणि डॉक्टर यांनी मिळून, उपचाराचा भाग म्हणून टेस्ट करावी. तिथे ती औषधासारखी उपयोगी पडते. चिठ्ठी काढून केली तर सापळा होते.

मुक्तांगण सुरू झालं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. पण तिथे येणाऱ्याला वेडा किंवा गुन्हेगार न मानता आजारी माणूस मानलं गेलं आणि घरच्यांनाही उपचारात सामील केलं गेलं. चाळीसेक वर्षांपूर्वी गर्दच्या लाटेत पुण्यातल्या मूठभर लोकांना जे सुचलं, ते आज शाळांना सुचायला अवघड नसावं.

जाता जाता

हा भाग ऐकणाऱ्यांत शाळा-कॉलेजमधले बरेच जण आहात. तुम्ही स्वतः अडकला असाल, किंवा बाकावरचा मित्र अडकला असेल, तर हे नंबर सेव्ह करा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. मनावर ताण असेल तर टेलि-मानस १४४१६, मराठीत बोलता येतं. अठराच्या आतलं कुणी संकटात असेल तर १०९८. आणि कुणी विकतंय हे सांगायचं असेल तर १९३३.

काकूंनी अजून सही केलेली नाही. चार प्रश्नांचं पत्र त्यांनी शाळेला दिलंय, आणि ग्रुपवरच्या अंगठेवाल्यांपैकी आणखी काही पालकांनी त्याखाली नावं घातलीत. उत्तर आलं की सांगतो.

तोपर्यंत एक करा. तुमच्या वर्गात ज्याच्याबद्दल 'सगळ्यांना माहीत आहे', त्याच्याशी आज बोला. सरांना सांगायच्या आधी, त्याच्याशी. मी तेव्हा बोललो नव्हतो.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.